माईची वर्षं कुणाच्या खात्यात?

माईचं तेरावं झाल्यावर ग्वाल्हेरच्या घरी जी माणसं मागे थांबली होती, त्यांच्यात एका संध्याकाळी कडाक्याचा वाद झाला. विषय प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर निघतो तोच: घर सांभाळणाऱ्या बाईला सरकारने पैसे द्यावेत का? मध्य प्रदेशात २०२३ मध्ये लाडली बहना आली, पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात लाडकी बहीण. धाकटे काका म्हणाले, ही सरळसरळ मतांची खरेदी आहे, आणि आईची माया पैशात तोलणं हा तिचा अपमान आहे. चुलत बहीण उसळून म्हणाली, माया राहू द्या हो, पहाटे चारला उठून पाणी कोण भरत होतं ते सांगा! इंग्लंडमध्ये माझ्या घरी, लेस्टरला परतल्यावरही तो वाद माझ्या डोक्यातून गेला नाही. माझं म्हणणं दोघांपेक्षा थोडं वेगळं आहे. पगार नको, ओवाळणी तर नकोच. घरात राबलेली वर्षं त्या बाईच्या नावावर, तिच्या हयातीत मोजली जावीत आणि म्हातारपणी त्यांचं पेन्शन व्हावं.

माई म्हणजे माझी आजी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या चिटणीस की गोठ या वस्तीत लग्न होऊन आली ती सतराव्या वर्षी, आणि त्याच घरातून गेली. नळाला पाणी येण्याची वेळ हीच तिची उठण्याची वेळ. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा दुपारी सगळं घर वाळ्याच्या पडद्यांमागे झोपलेलं असायचं आणि माई गच्चीवर सांडगे, कुरडया उलटत असायची, कारण ऊन कडक तेवढी कुरडई वर्षभर टिकते. ऑक्टोबरात रजया उसवायच्या, रुई पिंजून आणायची, खोळी धुवायच्या आणि पुन्हा टाके घालायचे. घरात अकरा माणसं, म्हणजे अकरा रजया. शिवाय आजोबांची पथ्यं, पणजीचं अंथरूण, आम्हा नातवंडांचे गोवर-कांजिण्या. कुणाला काय चालत नाही, कुणाला काय आवडतं पण मागायला संकोच वाटतो, हे तिला न विचारता कळायचं. हिशेब ती जुन्या कालनिर्णयाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायची. त्यात दूध, कोळसा, गिरणीचं दळण, पिंजाऱ्याची मजुरी, सगळ्यांचे पैसे पैशापर्यंत लिहिलेले आहेत. तिच्या स्वतःच्या कामाची ओळ अर्थातच नाही.

माझी आई सरकारी शाळेत शिक्षिका होती. मी तीन महिन्यांची असताना ती पुन्हा कामावर रुजू झाली ती माईच्या भरवशावर, आणि निवृत्तीपर्यंत एकही वर्ष न गमावता नोकरी केली. आज तिला पूर्ण पेन्शन मिळतं. त्या पेन्शनमध्ये माईची वर्षं आहेत, हे आई स्वतः सांगते. माईच्या नावाने मात्र पहिला पैसा आला तो आजोबा गेल्यावर, कुटुंब निवृत्तिवेतनाचा. त्यासाठी दर नोव्हेंबरात रिक्षात बसून ती बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायची. जिवंत असल्याची नोंद तिची, नोकरीची नोंद आजोबांची. मला याचा फार राग येतो, अजूनही येतो.

आपल्याकडे गृहिणीच्या कामाची किंमत होत नाही असं नाही. होते, पण ती अपघातात मेल्यावर. मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात न कमावत्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश धरलेलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई ठरवताना गृहिणीचं काम हे खरंखुरं आर्थिक योगदान आहे, असं स्पष्ट मांडलं. उत्तम निकाल आहे. पण ज्या बाईला ट्रकने उडवलं नाही, जी माईसारखी अंथरुणावर शांतपणे गेली, तिचं काय? सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा रोजचा वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. आणि जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई बिगरकामगार ठरते. एक सरकारी कागद तिचे पावणेपाच तास मोजतो, दुसरा ती काम करत नाही असं लिहितो.

इथे इंग्लंडमध्ये माझ्या शेजारची आजी दोन नातवंडं सांभाळते, कारण तिची मुलगी नोकरी करते. मुलांचा भत्ता घेणाऱ्या पालकाला मूल बारा वर्षांचं होईपर्यंत सरकारी पेन्शनसाठी वर्षं जमा मिळतात. नोकरी करणाऱ्या आईला ती लागत नाहीत, कारण तिची वर्षं पगारातून भरतातच. मग एक अर्ज करून ती वर्षं मूल सांभाळणाऱ्या आजीच्या नावावर करता येतात. ही सोय एप्रिल २०११ पासून आहे. आजीचं पेन्शनचं वय झालेलं नसावं, एवढी मुख्य अट. पूर्ण पेन्शनला साधारण ३५ वर्षं लागतात, त्यात ही धरली जातात. तिने मला हे सहज, कपडे वाळत घालताना सांगितलं आणि मला आई आणि माईच आठवल्या.

हे इथेही आपोआप झालेलं नाही. १९४५ मध्ये मुलांच्या भत्त्याचा कायदा आला तेव्हा पैसे बापाच्या हाती द्यायचे असं आधी ठरलं होतं. एलिनॉर रॅथबोन या खासदारबाई आयुष्यभर ज्या भत्त्यासाठी लढल्या, त्याच्याच विरोधात मत देईन म्हणून अडून बसल्या, तेव्हा तो आईच्या हाती आला. पहिला हप्ता निघण्याआधीच त्या वारल्या. घरी राहून मुलं वाढवण्याची वर्षं पेन्शनमध्ये सांभाळली जाऊ लागली १९७८ पासून, आणि त्यातही कितीतरी बायकांच्या नोंदी गहाळ असल्याचं पुढे उघडकीस आलं. आजीच्या सवलतीचा तर अनेकांना पत्ताच नसतो. शिवाय इथल्या म्हाताऱ्या बायकांचा एकटेपणा मी रोज बघते. माईच्या उशाशी शेवटपर्यंत कुणीतरी होतं, ते सुख इथे पैसे मोजूनही सहज मिळत नाही. म्हणून काकांचा मायेचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण माया होती म्हणून नोंद नको, हे मला पटत नाही. आईचं शिकवणंही मायेचंच होतं, तिला पगारही मिळाला आणि पेन्शनही.

ही कल्पना विलायती आहे असं कुणी म्हणेल, तर त्याने आपल्याच गावाकडे बघावं. झाशीच्या राणीची समाधी ग्वाल्हेरात आहे, ती सगळ्यांना ठाऊक आहे. पण राणी लक्ष्मीबाई राजवाडे हे नाव लष्करातल्या किती मराठी घरांत माहीत आहे? ग्वाल्हेरच्या या बाई १९३९ मध्ये काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या स्त्रीविषयक उपसमितीच्या अध्यक्ष होत्या. घरातल्या कामाला आर्थिक मोल आहे हे मान्य करा, कुटुंबाच्या उत्पन्नातला काही भाग पूर्णपणे बाईच्या ताब्यात असू द्या, तिच्या सामाजिक विम्याचा हप्ता नवऱ्याने भरावा, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. अहवाल १९४७ मध्ये छापला गेला आणि बाजूला पडला.

चुलत बहिणीची भीती अशी की पैसे दिले की बाई चुलीला बांधली जाईल. पगाराबाबत ती भीती रास्त आहे. जमा वर्षांचं तसं नाही. मूल किंवा आजारी माणूस जो सांभाळेल त्याच्या नावावर ती जातील, मग तो बापही असेल. आणि बाई पुन्हा नोकरीला गेली तरी आधीची वर्षं बुडणार नाहीत.

माझी मोठी काकू आज त्रेसष्ट वर्षांची आहे. माईचं मांडीचं हाड मोडल्यावर तिचं उठवणं-बसवणं, अंघोळ, औषधं सगळं काकूने केलं. त्यासाठी तिने शिवणाचे वर्ग बंद केले, ते पुन्हा सुरू झाले नाहीत. लाडली बहना साठीला थांबते. मोठ्या काकांची दुकानदारी, त्यामुळे मागे पेन्शनही राहणार नाही. धाकट्या काकांना आणि चुलत बहिणीला मी कळवलं आहे की वाद माईवरून पुरे झाला, आता काकूच्या नावाने आपल्या खासदारांना एक पत्र लिहू या. २०२७ च्या जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा 'काय काम करता' याचं उत्तर काकूने स्वतः द्यावं, आणि तिच्या वतीने कुणीही 'काही नाही' म्हणू नये. मसुदा मी मराठीत आणि हिंदीत करून पाठवते आहे.