‘नेपाळची मुलं परदेशात शिकायला जातच नाहीत’? त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज टाकला. दोन दिवसांत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या. काठमांडू विमानतळावर कपाळभर टिळा लावून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून उभ्या असलेल्या मुलामुलींचा फोटो आणि खाली मजकूर. थोडक्यात असा : नेपाळची मुलं मास्टर्सच्या नावाखाली परदेशात कमवायला जातात, कॉलेज फक्त व्हिसापुरतं असतं, तीच डिग्री घरी स्वस्तात मिळते, गेलेला परत येत नाही, आणि हे सगळं अलीकडचं फॅड आहे. शेवटी आपल्याला सल्ला : ‘आपल्या मुलांना नेपाळ्यांच्या वाटेने जाऊ देऊ नका.’

मामांबद्दल मला आदर आहे, त्यांनी वाईट हेतूने पाठवलं नसणार. पण सिडनीत मास्टर्स करताना मी दोन वर्षं रॉकडेलमधल्या एका फ्लॅटमध्ये नेपाळमधल्या भरतपूरच्या मुलीबरोबर राहिले. ती भरतपूरला आधी स्टाफ नर्स होती, ऑस्ट्रेलियात पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायला आली होती. मला दिदी म्हणायची. हा मेसेज तिच्याबद्दल आहे आणि तो खोटा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

‘कमवायला जातात.’ याचा हिशेब साधा आहे, कागद-पेन घेऊन कुणीही करू शकेल. ऑस्ट्रेलियात स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. १ जुलै २०२३पासूनचा हा नियम. जुलै २०२४पासून वर्षभर किमान वेतन होतं तासाला २४ डॉलर १० सेंट. म्हणजे पंधरवड्याला साधारण ११५७ डॉलर, वर्षाचे तीस हजार, तेही कर कापण्याआधी. आता दुसरी बाजू. व्हिसा मागताना एका वर्षाच्या राहण्या-खाण्यासाठी २९,७१० डॉलर आहेत हे दाखवावं लागतं, ही रक्कम तिथल्या सरकारनेच मे २०२४मध्ये ठरवली. वर्षभराची पूर्ण कमाई तिथेच संपली. कॅज्युअल कामाला दर थोडा जास्त मिळतो, सुट्टीत तासांची मर्यादा नसते, तेही धरा. तरी मास्टर्सची वर्षाला तीस-चाळीस हजार डॉलर फी उरतेच. ती घरून येते.

घरून म्हणजे कुठून? नेपाळच्या बँका शैक्षणिक कर्ज देताना बहुतेक वेळा जमीन किंवा घर तारण मागतात. जमिनीच्या मालकीच्या कागदाला तिथे लालपुर्जा म्हणतात. आपल्याकडे सातबारा काढून बँकेत ठेवताना घरात जी शांतता पसरते, तीच तिथेही पसरत असणार. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी लालपुर्जा ठेवून २५ लाख नेपाळी रुपये उचलले होते. शिवाय वडा कार्यालयातून, म्हणजे वॉर्डाच्या ऑफिसातून, नात्याचा दाखला, मालमत्तेचं मूल्यांकन, आणि शिक्षण मंत्रालयाचं ना हरकत पत्र. ते पत्र नसेल तर बँक फीचे पैसे बाहेर पाठवत नाही. कमवायलाच जायचं असतं, तर वडिलांची जमीन आधी गहाण टाकायची गरज काय?

ती आठवड्यातून दोन रात्री वृद्धाश्रमात ड्यूटी करायची. सकाळी सात वाजता यायची, चिउरा, म्हणजे आपले पोहेच, दह्यात भिजवून उभ्याउभ्याच खायची आणि नऊच्या लेक्चरला पळायची. ट्रेनमध्ये झोपून स्टेशन चुकू नये म्हणून मोबाईलवर गजर लावायची. ही माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे.

‘कॉलेज व्हिसापुरतं.’ इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे आणि ते मी लपवणार नाही. ऑस्ट्रेलियात चांगल्या विद्यापीठाच्या नावावर व्हिसा काढायचा आणि पोचल्यावर एखाद्या स्वस्त कॉलेजात नाव घालायचं, असं काही जण करत होते. त्यात अनेक देशांची मुलं होती, भारतातलीसुद्धा. त्यासाठीची पळवाट तिथल्या सरकारने ऑगस्ट २०२३मध्ये बंद केली. यात परदेशी कॉलेजात प्रवेश मिळवून देणाऱ्या कन्सल्टन्सींचा वाटाही मोठा आहे. काठमांडूच्या पुतलीसडक आणि बागबजार भागात एकेका इमारतीत मजल्यागणिक कन्सल्टन्सीच्या पाट्या दिसतात. त्यांची मुख्य कमाई परदेशातल्या कॉलेजांकडून मिळणाऱ्या कमिशनची. मुलाला काय शिकायचंय यापेक्षा कुठलं कॉलेज किती देतं, यावर सल्ला ठरायला लागला की बावीस वर्षांच्या पोराची फसगत होणारच. राग धरायचा तर त्या व्यवहारावर धरावा.

पण मास्टर्सला नाव घालून वर्गात न येता वर्षं काढणं मेसेजमध्ये दिसतं तितकं सोपं नाही. विद्यार्थ्याची प्रगती समाधानकारक नसेल तर विद्यापीठाला ते सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं आणि व्हिसा धोक्यात येतो. एक विषय नापास झाला तर त्याची फी पुन्हा भरावी लागते. २५ लाखांचं कर्ज डोक्यावर असलेली मुलगी विषय सोडून देत नाही.

आणि ती काय शिकत होती तेही सांगते. नेपाळमध्ये डेंग्यूची पहिली नोंद २००४ची, तीही चितवनची, म्हणजे तिच्याच जिल्ह्यातली. २०१९च्या साथीत तिच्या वॉर्डात खाटा संपल्या आणि जमिनीवर गाद्या टाकाव्या लागल्या. एका बाईच्या प्लेटलेट्स उतरत होत्या, सलाईनची बाटली लटकवायला स्टँड नव्हता, म्हणून ती बाटली बाईच्या नवऱ्याने रात्रभर हातात धरली. सकाळी त्याचा हात खाली येईना. हे मला तिने भांडी घासताना सांगितलं होतं. २०२२च्या साथीत नेपाळभर ५४ हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली, ८८ माणसं गेली. तिचा शेवटच्या सत्राचा प्रकल्प याच साथींवर होता : पाऊस, तापमान आणि रुग्णसंख्या यांचा आठवड्यागणिक संबंध. फ्रिजवर तिने चितवनचा नकाशा चिकटवला होता. दुधासाठी फ्रिज उघडला की तो नकाशा हलायचा.

‘तीच डिग्री घरी मिळते.’ पब्लिक हेल्थचं मास्टर्स काठमांडूत महाराजगंजच्या सरकारी वैद्यक संस्थेत आहे, चांगलं आहे. पण जागा मोजक्या आणि त्यासाठी देशभरातून स्पर्धा. तिने दोनदा प्रवेश परीक्षा दिली होती. बाकी विषयांत त्रिभुवन विद्यापीठात प्रवेश मिळतो, फीही कमी असते, पण परीक्षा आणि निकाल लांबत जातात. दोन वर्षांचं मास्टर्स तीन वर्षांवर गेलं असं सांगणारे नेपाळी मित्र मला सिडनीत भेटले. मग बल्खूच्या परीक्षा नियंत्रण कार्यालयात ट्रान्सक्रिप्टसाठी खेपा. आपल्याकडे विद्यापीठाचे निकाल रखडले की आपण काय काय बोलतो ते आठवा. तोच त्रास नेपाळच्या मुलाने टाळला तर तो आपल्याला देशद्रोह का वाटावा?

‘गेलेला परत येत नाही.’ हा सगळ्यात जड मुद्दा. नेपाळी माणसं स्वतःही याचीच काळजी करतात. २०२२-२३ आणि २०२३-२४, दोन्ही आर्थिक वर्षांत शिक्षण मंत्रालयाने एक लाखाहून जास्त ना हरकत पत्रं दिली. शिक्षणासाठी बाहेर जाणारी रक्कम वर्षाला शंभर अब्ज नेपाळी रुपयांच्या वर गेली, म्हणजे आपल्या हिशेबात सव्वासहा हजार कोटी. तीन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशाला हे सोसत नाही, हे खरंच आहे.

पण न परतणाऱ्याच्या मनात देश नसतो, हे मात्र खोटं. माझ्या मैत्रिणीचा भरतपूरचा पगार होता महिन्याला २२ हजार नेपाळी रुपये. २५ लाखांवर ११ टक्क्यांनी नुसतं व्याज महिन्याला २२,९०० होतं. पदवी घेतल्या घेतल्या ती परतली असती, तर पूर्ण पगार बँकेत भरून वर नऊशे रुपये उसने घ्यावे लागले असते. मुद्दल तसंच. शिक्षणानंतर दोन-तीन वर्षं तिथेच काम करणं हा लालपुर्जा सोडवायचा एकमेव रस्ता तिच्याकडे होता.

आणि परतणारे परततातही. महावीर पुन यांनी अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या कार्नी कॅम्पसमध्ये मास्टर्स केलं आणि म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी या आपल्या डोंगरातल्या गावी वायरलेस इंटरनेट नेलं. २००७मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डोळ्यांचे डॉक्टर सांदुक रुइत दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये नेत्रविज्ञान शिकले आणि काठमांडूत तिलगंगा नेत्र रुग्णालय उभं करणाऱ्यांत होते. बालेन शाह बंगळुरूला स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करून परतले आणि २०२२मध्ये काठमांडूचे महापौर झाले. सुशीला कार्की यांचं राज्यशास्त्रातलं एम.ए. बनारस हिंदू विद्यापीठाचं. त्या २०१६मध्ये नेपाळच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश झाल्या, आणि सप्टेंबर २०२५मध्ये देश पेटलेला असताना अंतरिम पंतप्रधानपदी त्यांनाच बोलावलं गेलं. ही नावं नेपाळमध्ये पोराटोरांनाही ठाऊक आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने एकही तपासलं नाही.

‘अलीकडचं फॅड.’ १९०२ साली राणा पंतप्रधान चंद्र शमशेर यांनी आठ नेपाळी तरुण जपानला शिकायला पाठवले होते. काठमांडूत त्रिचंद्र कॉलेज निघालं १९१८ला आणि ते आधी कलकत्ता, मग पाटणा विद्यापीठाला जोडलेलं होतं. नेपाळचं स्वतःचं पहिलं विद्यापीठ, त्रिभुवन, स्थापन झालं १९५९ला. तोवर ज्याला पदवीच्याही पुढे शिकायचं त्याला बहुतेक वेळा सीमा ओलांडावी लागत होती. फॅड कसलं?

राहिली ती ‘नेपाळ्यांची वाट’. ती वाट आपल्या दारावरून जाते. भारतातल्या उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणात, २०२१-२२च्या, परदेशी विद्यार्थी होते ४६,८७८. त्यांतले २८ टक्के नेपाळचे, सगळ्या देशांत पहिला नंबर. आता हे बघा : १९५०च्या करारामुळे नेपाळी माणसाला भारतात राहायला, नोकरी करायला व्हिसाच लागत नाही. इथे कमवायला यायचं असेल तर बस पकडून यावं, बस्स. तरीही तेरा हजारांवर मुलं इथे कॉलेजात नाव घालतात, फी भरतात, परीक्षा देतात. व्हिसासाठी शिकतात म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

सिडनीला जाण्याआधी मी पुण्यात शिकत होते, तेव्हा आमच्या ओळखीत पोखऱ्याचा एक मुलगा होता, अर्थशास्त्रात एम.ए. करणारा. त्याला खोली बघायला आम्ही तिघं गेलो. घरमालकांनी आमचं ऐकून घेण्याआधीच त्याच्याकडे बघून सांगितलं, “वॉचमनची खोली जिन्याखाली आहे, पण ती भरलीय.” त्याला मराठी कळायला लागलं होतं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपलं प्रवेशपत्र लॅमिनेट करून आणलं, आणि एम.ए.ची दोन्ही वर्षं जिथे खोली बघायला जायचा तिथे दार उघडल्याबरोबर आधी ते पुढे करायचा, नमस्कार नंतर.