ईर्षेनं सोडलीत, आता पुढचे तीन महिने

सिगारेट सोडल्यावर पहिले तीन दिवस सगळेच सांभाळून घेतात. घरात कोणी वाद घालत नाही, कामावरचे मित्र चिडवत का होईना पण विचारपूस करतात, आणि आपल्यालाही अंगात बळ आल्यासारखं वाटतं. पडझड होते ती तिसऱ्या आठवड्यानंतर, विचारणारं कोणी उरलेलं नसतं तेव्हा. कोल्हापुरात माणूस ईर्षेला पेटला की काहीही सोडू शकतो, यात शंका नाही. पण ईर्षा तीन महिने पुरत नाही. तीन महिन्यांना तयारी लागते, आणि ती कशी करायची हे नीट कोणी सांगत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. विडी ओढणाऱ्यांनाही यातलं सगळं तसंच लागू आहे.

तीनच महिने का? रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो. चिडचिड होते, झोप लागत नाही, सारखी भूक लागते, कामात लक्ष राहत नाही. हा त्रास दोन ते चार आठवड्यांत उतरतो. पण वर्षानुवर्षं ओढल्यामुळे मेंदूत निकोटिन पकडणाऱ्या जागा वाढलेल्या असतात, आणि त्या पूर्ववत व्हायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर तलफ येतच राहते, फक्त ती आता दिवसभर नसते. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसांबरोबर येते. पाच-दहा मिनिटांत ती ओसरते, ओढली तरी आणि नाही ओढली तरी. तेवढा वेळ त्या जागेवरून हलायचं, पाणी घोट घोट प्यायचं, कोणाला तरी फोन लावायचा. उभं राहून तलफेशी झुंजत बसू नका, चालायला लागा.

आता चहा. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा नेहमीपेक्षा जलद करतं. धूर बंद झाला की हा वेग काही दिवसांतच उतरतो. म्हणजे दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्याच्या रक्तात, तेवढ्याच सहा कपांत, आधीपेक्षा बरंच जास्त कॅफिन राहायला लागतं. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री टक्क जाग. माणसाला वाटतं, सिगारेट नाही म्हणून असं होतंय, आणि तो परत टपरीवर जातो. सोडल्याच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा आणि दुपारी तीननंतर घेऊच नका. टपरीवरचा चहा तर पहिला महिना पूर्ण बंद ठेवा, कारण तिथे कपाबरोबर माचिसही पुढे येते. संध्याकाळी मित्रांत उभं राहायचंच असेल तर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभे राहा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या २००७ सालच्या एका पाहणीत ओढणाऱ्यांनीच सांगितलं होतं की दूध, पाणी, फळं आणि भाज्यांनी सिगारेटची चव बिघडते, आणि मांस, दारू, कॅफिनवाली पेयं यांनी ती खुलते.

यावरून कोल्हापूरकराचा सगळ्यात अवघड क्षण कोणता ते कळेल. बुधवार किंवा रविवार, मटणाचं ताट, वर दोन वाट्या तांबडा आणि एक पांढरा. हात धुऊन खानावळीच्या पायरीवर आलात की बरोबरचे चौघे खिशात हात घालतात. तिथे काय करणार हे ताटावर बसण्याआधी ठरलेलं हवं. न ओढणाऱ्या एकाला आधीच सांगून ठेवा की जेवण झाल्यावर आपण दोघं लगेच निघायचं. आत असतानाच खळखळून चूळ भरा, बडीशेप तोंडात टाका आणि पायरीवर न थांबता चालू पडा. घरी असाल तर जेवणानंतर लगेच दात घासा. दारूचं मात्र तडजोड न करता सांगावं लागेल, पहिले तीन महिने नकोच. सुटलेली सिगारेट परत हातात येण्याचं एवढं हमखास कारण दुसरं क्वचितच सापडेल.

तलफ शमवायला चघळतात त्या निकोटिनच्या गमबद्दल आपल्याकडे दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात, 'उपयोग होत नाही' आणि 'उचक्या लागतात'. दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, गम साध्या च्युइंगगमसारखा चघळला जातो. हे निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं, यकृत त्यातलं बरंचसं निकामी करतं, आणि हाती उरतात उचक्या, जळजळ आणि मळमळ. सावकाश दहा-पंधरा वेळा चावा. तिखट चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबा आणि गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडं चावायचं, आता दुसऱ्या गालात ठेवायचा. एक गम अर्धा तास चालतो. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत काही नको, आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही.

२ मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. पण उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवणाऱ्याला तो कमी पडतो, त्याला ४ मिलिग्रॅमचा लागतो, आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी लागते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. तलफ येण्याची वाट बघत बसू नका, घड्याळ लावून घ्या. दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून गम बंद करणारे नेमके चौथ्या-पाचव्या आठवड्यात घसरतात. 'गमची सवय लागेल' ही भीती मनातून काढून टाका, धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड गममध्ये नसतं.

दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला नुसता गम पुरत नाही, त्याने पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) आणि गम दोन्ही वापरावेत, एकट्या गमपेक्षा हा उपाय जास्त टिकतो. २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन आणि ७ चा दोन आठवडे. दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी, तळव्याने दहा सेकंद दाबून लावायचा, आणि जागा रोज बदलायची. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी मात्र सांभाळून. घामाने पॅच सुटतो, आणि उष्णतेने त्यातलं निकोटिन जास्त वेगाने अंगात जातं. गरगरणं, मळमळ वाटली तर पॅच काढा आणि कामाच्या वेळेत गमवर राहा. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

सिगारेटच्या जागी मावा, मिश्री किंवा तंबाखूची चिमूट आली तर काहीच सुटलेलं नाही. आपल्या भागात ही अदलाबदल फार होते, कारण तोंडात काहीतरी हवं असतं आणि मावा प्रत्येक कोपऱ्यावर मिळतो. लवंग, वेलदोडा, भाजलेला ओवा खिशात ठेवा. सुपारी नको, तीही कर्करोग करते.

पोट साफ न होणं आणि तोंड येणं या दोन गोष्टी पहिल्या महिन्यात फार जणांना होतात, आणि लाजेपोटी कोणी सांगत नाही. रात्री इसबगोल आणि दिवसभर भरपूर पाणी पुरतं. खोकला काही दिवस वाढतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा काम करून साठलेला कफ वर ढकलायला लागतात. थुंकीत रक्त दिसलं तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जा. वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं. त्यासाठी याच तीन महिन्यांत डाएट करू नका, भुकेल्या पोटी तलफ जोर धरते. रंकाळ्यावर रोज एक फेरी मारलीत तरी चालेल.

घरच्यांना एक विनंती. खिसे तपासू नका, तोंडाचा वास घेऊ नका. पाचव्या, आठव्या आठवड्यात 'कसं चाललंय' एवढं विचारा, कारण तेव्हा बाकी कोणी विचारत नाही.

आणि 'एकच' बद्दल. राज्यात सुटी सिगारेट-विडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी ती टपरीवर सर्रास मिळते. याचा सगळ्यात मोठा फटका सोडणाऱ्यालाच बसतो. एकासाठी अख्खं पाकीट घ्यायची वेळ आली तर हात आखडतो, सुटी मागायला आखडत नाही. महापालिका आणि पोलिसांनी ही बंदी मनावर घ्यायलाच हवी. एक ओढली गेलीच तर पॅच, गम तसेच चालू ठेवा, उरलेली टाकून द्या आणि कुठे, कोणाबरोबर, काय खाल्ल्या-प्यायल्यावर घडलं ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. 'आता सोमवारपासून' नको, पुढची सिगारेट नाकारली की तुम्ही परत सोडलेलेच आहात.

दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन चालू असेल तर सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगा. कॅफिनसारखीच ही औषधंही धूर थांबल्यावर रक्तात वाढतात आणि डोस कमी करावा लागू शकतो. बोलायला कोणी नसेल तर पाकिटावरच छापलेली सरकारी क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, फोन मोफत. सकाळी आठ ते रात्री आठ चालू, सोमवारी बंद.