गच्चीवरचा डबा आणि दारातली तार

उन्हाळ्यात इथं इंग्लंडात दुपारचे साडेतीन वाजतात तेव्हा बेळगावच्या शहापुरात रात्रीचे आठ झालेले असतात. आमची फोनची वेळ तीच. गेले दोन महिने मात्र आई बोलता बोलता मध्येच थिजते. परवा शेजारच्या सुनेचं कौतुक सांगताना तिनं हात वर केला आणि तो तिथंच राहिला. नुसता आवाज येत होता, "ऐकू येतंय नव्हं? तू दिसंना झालास बघ."

कारण मला ठाऊक आहे. दादानं फायबरचं, म्हणजे तारेतून येणारं, कनेक्शन बंद करून गच्चीवर मोबाइल टॉवरवरून इंटरनेट घेणारा पांढरा डबा बसवलाय. वर्षभरात गल्ली तीनदा खणली गेली: एकदा गटारासाठी, एकदा पाण्याच्या पाइपसाठी, एकदा रस्त्यासाठी. तिन्ही वेळा केबल तुटली आणि जोड मारायला माणूस यायला चार-चार दिवस लागले. दादा म्हणतो, "हवेत कोण जेसीबी घालणाराय?" त्याचा वैताग खरा आहे. घरच्या ग्रुपवरही सगळ्यांनी त्याचीच री ओढली, तारेचे दिवस संपले म्हणून. मला हे पटत नाही, आणि इथं बसून उपदेश करतोय असं कुणाला वाटलं तरी मी बोलणार आहे.

देशात ५जी आलं २०२२ च्या ऑक्टोबरात. त्याच टॉवरवरून आता घरोघरी वायफाय मिळतं. पण टॉवरची हवेतली जागा, म्हणजे लहरींचा पट्टा, ठरलेली असते आणि तीत आपल्या डब्याबरोबर गल्लीतले सगळे मोबाइलही असतात. शिवाय घरात यायला आणि घरातून जायला तो एकच पट्टा आळीपाळीनं वापरला जातो आणि त्यातला बहुतेक वेळ डाउनलोडला दिलेला असतो. म्हणून दादाच्या टीव्हीवर मॅच सुरळीत चालते, त्याला खोट दिसतच नाही. आईचा चेहरा माझ्यापर्यंत यायचा तर अपलोड लागतो, आणि तो रात्री आठ वाजता आकसतो. फायबरही वाटून घ्यावाच लागतो. साधारणपणे एका धाग्यावर बत्तीस घरं, कधी चौसष्ट, आणि त्यांच्यासाठी सेकंदाला अडीच गिगाबिट. पण तो आकडा ठरलेला असतो. टॉवरखाली उद्या किती डबे येतील हे कुणी सांगावं? आणि चांगला चालणारा टॉवर स्वतः कशावर उभा असतो? बहुतेक वेळा फायबरवरच.

मी इथं आलो तेव्हा भाड्याच्या घरात खिडकीत असाच एक डबा होता. सकाळी छान, संध्याकाळी रडकथा. दीड वर्ष काढलं. मग फायबर आला, आणि तो आला कसा हे मी दारात उभं राहून पाहिलं. रस्ता खणलाच नाही. फूटपाथवरचं झाकण उघडून जुन्या टेलिफोनच्या नळीतून दोन माणसांनी तार ओढून घेतली, तासाभरात काम संपलं. ऑफकॉम ही इथली नियामक संस्था. ज्या कंपनीकडे जुन्या नळ्या आणि खांब आहेत त्या ओपनरीचला ते प्रतिस्पर्ध्यांनाही वापरू द्यावे लागतात, हा तिचाच नियम. मला हेवा वाटतो तो वेगाचा नाही, या नळीचा.

बिनतारीला माझा सरसकट विरोध नाही. मामा जांबोटीच्या पुढं राहतो, भीमगडच्या रानाकडं. चार घरं इथं, दोन तिथं. पावसाळ्यात झाड पडलं की तार त्याच्याबरोबर जमिनीवर, आणि दुरुस्तीचा माणूस पोहोचेपर्यंत दुसरं झाड. तिथं डबाच हवा, फक्त वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी तासाभरात मान टाकणार नाही एवढं बघितलं पाहिजे. इंग्लंडातही घराला सेकंदाला किमान १० मेगाबिट मागण्याचा हक्क २०२० पासून आहे आणि आडबाजूच्या शेतघरांना तो ४जीवरून दिला तरी चालतो. पण शहापूर म्हणजे रान नव्हे. वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, उचगाव, निपाणी, जिथं भिंतीला भिंत लागून घरं आहेत तिथं डब्यावर भागवणं म्हणजे नळ न देता टँकर पाठवणं.

सीमाभागात आपल्याला प्रत्येक कामासाठी दोन सरकारांची तोंडं बघायची सवय झालीय. म्हणून कुणाच्या परवानगीवाचून मिळतं ते आपल्याला चटकन आवडतं, हे मी समजतो. पण खणणाऱ्याला जाब विचारायचं आपण सोडून दिलं तर कसं? खणण्याआधी जमिनीखाली काय आहे ते कळवण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं सरकारी अ‍ॅप मार्च २०२३ मध्येच सुरू झालंय. आमच्या गल्लीत तीनदा जेसीबी आला, त्यातल्या एकदा तरी कुणी ते उघडलं होतं का? रस्ता होताना एक रिकामी नळी टाकून ठेवा, एवढं तरी वॉर्डातून लेखी मागता येईल. अर्ज मी लिहून पाठवलाय, सह्या दादानं घ्यायच्यात.

जुन्या कनेक्शनची काळी तार अजून आमच्या दारापुढच्या खांबाला वेटोळं करून बांधलेली आहे. ती कुणाला कापू देऊ नको, असं मी आईला सांगून ठेवलंय.