‘त्याला सुपारीच्या खांडाचेही व्यसन नव्हते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातला आपला मावसभाऊ तालमीतून परतताच अंगणात कोसळला आणि एकतिसाव्या वर्षी गेला, हे वाचून फार वाईट वाटले. त्याला सुपारीच्या खांडाचेही व्यसन नव्हते, महिन्यापूर्वीचा ईसीजी (हृदयाच्या विद्युतप्रवाहाचा आलेख) चांगला होता. असे असताना हृदय बंद पडून येणाऱ्या अचानक मृत्यूंवरील माझ्या लेखात तंबाखू, रक्तदाब, मधुमेह ही कारणे सांगून मी मृतालाच दोषी धरले आणि कोविडच्या लशीचे नाव टाळले, असा आपला आक्षेप आहे.

त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात रुग्ण तपासत आल्यामुळे माझा लेख पस्तिशीपुढच्या माणसांभोवतीच फिरला. त्या वयात हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा हेच मुख्य कारण असते. तरुणांत मात्र हृदयाचा स्नायू आनुवंशिकतेने जाड होणे, ठोक्यांच्या विद्युतप्रवाहातील उपजत दोष, विषाणूमुळे स्नायूला आलेली सूज अशी कारणे पुढे येतात, आणि त्यांत त्या माणसाचा काडीचाही दोष नसतो. विश्रांतीत काढलेला ईसीजी ही सुमारे दहा सेकंदांची नोंद असते. ती चांगली आली म्हणून हे सगळे दोष नाहीत असे ठरत नाही.

लशीबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 18 ते 45 वयातील अचानक मृत्यूंचा देशातील 47 रुग्णालयांमार्फत अभ्यास केला. तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. लशीने धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. धोका वाढलेला दिसला तो कोविडमुळे रुग्णालयात राहावे लागलेल्यांत, घराण्यात असा मृत्यू झालेल्यांत आणि मृत्यूआधीच्या दोन दिवसांत अतिमद्यपान किंवा अतिश्रम केलेल्यांत.

यातला घराण्याचा मुद्दा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. कोणी पट्टीचा पोहणारा असूनही विहिरीत बुडाला का, कोणी तरुणपणी ‘फिट येऊन’ किंवा झोपेतच गेले का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारावे. असे मृत्यू पुष्कळदा हृदयाचे असतात आणि घरात मात्र वेगळ्याच नावाने लक्षात राहतात. स्नायू जाड होण्याचा दोष आई किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

आपण लिहिता की घरघर चालू होती, म्हणून श्वास आहे असे समजून कांदा हुंगवला. यासाठी स्वतःला दोष देऊ नका. जवळच्या कोणालाही तसेच वाटले असते. पण ती घरघर म्हणजे श्वास नव्हे. अशा वेळी 108 ला फोन लावून लगेच छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, जोराने दाबत राहावे लागते, कारण छातीवरचा दाब आणि हृदयाचे ठोके पूर्ववत करण्यासाठी यंत्राने दिलेला विजेचा झटका यांवाचून गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

त्याच्या सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांची इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) तपासणी या महिन्यातच करून घ्यावी, आणि त्याचा तो जुना ईसीजी फेकून न देता हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावा.