हिरवळीवर दप्तरं मांडून काय होणार? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका (सही तुम्हीच तशी केली आहे, म्हणून हक्काने),

अमेरिकेतल्या कॉलेजांत मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या आशियाई विद्यार्थ्यांच्या गटांवर मी लिहिलं, त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही इथे आलो तेव्हा हातात पैसा नव्हता, पाठीशी कुणी नव्हतं, तरी कौन्सेलरची पायरी चढलो नाही. ही मुलं गोऱ्यांचं बघून नसते आजार कवटाळतात. आणि कॉलेजच्या हिरवळीवर दप्तरं मांडून कुणाचं नैराश्य बरं होणार?

दप्तरांपासून सुरुवात करते. नाही होणार बरं. ती मांडणाऱ्या मुलांचाही तसा दावा नाही. ॲलिसन मॅलमन यांनी भावाच्या आत्महत्येनंतर विद्यार्थीदशेत एक गट सुरू केला, त्यातून २००३ मध्ये ‘ॲक्टिव्ह माइंड्स’ ही विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीची संस्था उभी राहिली. तिच्या प्रदर्शनात हिरवळीवर मांडलेली ती ११०० दप्तरं म्हणजे अमेरिकेत दरवर्षी आत्महत्या करणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांचा अंदाजे आकडा. कॅलिफोर्नियातल्या १२ कॉलेजांतल्या ११२९ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ॲक्टिव्ह माइंड्स’च्या गटांशी परिचय वाढलेल्या मुलांच्या मनातली अढी कमी झालेली दिसली, आणि गटात उतरलेली मुलं अडचणीतल्या मित्राच्या मदतीला जास्त धावली. बस, एवढंच. मला ते पुष्कळ वाटतं.

आता ‘आपल्यात हे नव्हतंच’ याबद्दल. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत मनाच्या तक्रारीसाठी वर्षभरात कुठलीही मदत घेणारे आशियाई होते ८.६ टक्के, एकूण अमेरिकनांत १७.९. आजारच कमी असेल, असं तुम्ही म्हणाल. पण ज्यांना आजार असावा असं पाहणीतच दिसलं, त्यांच्यातलेही जेमतेम ३४ टक्के कुणाकडे गेले. बाकीचे घरात सोसत बसले. त्याला कणखरपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

या पाहणीत भारतीयांचा वेगळा हिशेब नव्हता. चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी आणि ‘इतर’, त्या ‘इतर’मध्ये आपण. हा मुद्दा तुमच्या बाजूचा, घ्या. लाओसमधून निर्वासित म्हणून आलेलं मोंग जमातीचं कुटुंब आणि एच-वन व्हिसावर आलेला पुण्याचा इंजिनिअर यांना एकाच पोत्यात भरणं मलाही पटत नाही. आणि काही गटांच्या पोस्टरांवर आईबाप म्हणजे जणू खलनायकच, तेही खटकतं.

पण ही मुलं एक काम करतात, त्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. मूल २६ वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू शकतं. बाहेरच्या थेरपिस्टकडे गेलं की विमा कंपनीचा कागद घरी येतो, आणि त्या कागदाच्या धास्तीनेच किती मुलं जात नाहीत! कॉलेजच्या केंद्रात बहुतेक ठिकाणी फी आधीच भरलेली असते, घरी काही येत नाही, आणि जिवाला धोका नसेल तर तिथलं बोलणं तिथेच राहतं. हे डीनच्या ईमेलमधूनही कळतं, पण ती ईमेल वाचतो कोण? वरच्या वर्गातली तेलुगू किंवा कोरियन ताई जेवताना सांगते, तेव्हा पोर उठून जातं.

२०१९ मध्ये १५ ते २४ वयाच्या आशियाई अमेरिकनांच्या मृत्यूंमध्ये आत्महत्या हे पहिलं कारण होतं. (या वयात त्यांच्यात इतर कारणांनी मरणारे कमी, म्हणूनही ते वर येतं, आत्महत्येचा दर गोऱ्या मुलांपेक्षा कमीच आहे. हा आकडा भीती घालायला वापरणाऱ्यांवर माझाही राग आहे.)

शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘निदान मंडळाच्या गणपतीत तरी हे विषय नकोत.’ इथे मात्र आपलं जमणार नाही. आरतीनंतर दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार होतात, कुणाला कुठे ॲडमिशन मिळाली ते माईकवरून सांगितलं जातं. त्याच माईकवर कॉलेजात गेलेल्या आपल्याच दोन मुलांना दहा मिनिटं द्यायला मी कार्यकारिणीला पत्र दिलं आहे. विरोध करायचा तर बैठकीला या. आपण समोरासमोर बोलू.