उपरोध म्हणजे भित्र्याचे खोटे नव्हे

‘उपरोधाने बोलणे म्हणजे खोटेच बोलणे, तसे बोलणारा भित्रा असतो आणि त्याला समोरच्याला दुखवायचेच असते,’ अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. खानदेशात वाढलेल्या माणसाला तो पटणे कठीण आहे.

आधी खोटेपणाचे पाहू. आपले खोटे उघडे पडू नये, अशी खोटे बोलणाऱ्याची धडपड असते. उपरोध मात्र समोरच्याने ओळखलाच नाही तर तो वाया जातो. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी होती. वांगी भाजून, सोलून, ठेचून झाली, पहिली पंगतही उठली आणि तेव्हा एक मित्र उगवला. यजमान गंभीर चेहऱ्याने अहिराणीत म्हणाला, “लवकर उना भो, वांगा आजून वावरमाच शेतस!” लवकर आलास, वांगी अजून शेतातच आहेत, यावर तिथे कोणाचाही विश्वास बसणार नव्हता, आणि बसू नये म्हणूनच तो तसे बोलला.

भित्रेपणाचा आरोप तर इथे टिकतच नाही, कारण यजमान सगळ्यांदेखत, तोंडावर बोलला. सरळ रागावला असता तर मित्राला माफी मागत बसावे लागले असते. या एका वाक्यात मात्र उशीर झाल्याची जाणीवही होती आणि ‘बस, जेव’ हे आमंत्रणही होते.

दुखावण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. उपरोधाने टीकेची धार बोथट होते, असे 1995 साली ड्यूज, कॅप्लन आणि विनर या संशोधकांच्या प्रयोगांत दिसले, तर 1997 साली कोल्स्टन यांना ती वाढतानाही आढळली. मला यात विसंगती वाटत नाही. ज्या सुनेला उलट बोलण्याची मुभाच नाही, तिला ‘आमच्या सूनबाईंना फार काम पडतं हो’ हा टोमणा झोंबणारच. पण मजुरी थकलेला सालदार जेव्हा ‘घाई नाही शेठ, पुढच्या पोळ्याला द्या’ म्हणतो, तेव्हा उघड भांडण न परवडणाऱ्याला तेवढीच वाट मोकळी असते. आणि मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांकडे सरकत असताना ‘आज गारठा जरा जास्तच आहे’ म्हणणारा नेमके कोणाला दुखावतो? सूर्याला?

राहिला तो उशिरा आलेला मित्र. तो दुखावला नाही, चप्पल काढता काढता म्हणाला, “मंग तोडी लई येऊ का?”