कोण वाचतंय म्हणे!

एका शाळेसाठी ॲप बनवतेय, आणि पहिल्या मीटिंगपासून शाळेकडे मागतेय. प्रायव्हसी पॉलिसी द्या, पालकांची तक्रार कोण ऐकणार त्याचं नाव द्या, मुलांचा कुठला डेटा किती दिवस ठेवायचा ते ठरवा. दर वेळी एकच उत्तर, "मॅडम, ते शेवटी बघू." आणि काल रात्री, ॲप स्टोअरवर सबमिट करायच्या आदल्या दिवशी, व्हॉट्सॲपवर एक वर्ड फाइल येऊन आदळली. खाली मेसेज, "ही टाकून द्या. कोण वाचतंय!"

मी वाचते. मला वाचावीच लागते, कारण स्टोअरच्या फॉर्मवर "वरील माहिती खरी आहे" ही टिक मी करते, शाळेचे ट्रस्टी नाही करत.

शाळेचं ॲप आहे. तालुक्याच्या गावातली शाळा, बालवाडी ते दहावी. हजेरी, गृहपाठ, फी, बस कुठवर आली ते. आणि फाइलच्या पहिल्या पानावर काय, तर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क! खाली शिपिंगचा पत्ता, माल परत करण्याची मुदत, आवडीच्या साइझची नोंद. कुठल्यातरी कपडे विकणाऱ्या ॲपची पॉलिसी उचललीय. कंपनीचं नाव बदलून शाळेचं टाकलंय, तेही सगळीकडे नाही. मधल्या पानांवर ती मूळ कंपनी तशीच बसलीय. हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. पण खाली गेले आणि हे वाक्य दिसलं: "आम्ही १३ वर्षांखालील मुलांची माहिती जाणूनबुजून गोळा करत नाही."

अहो, पहिलीतल्या पोरीचा फोटो घेताय तुम्ही! जन्मतारीख, रक्तगट, आईचा मोबाइल, बापाचा व्यवसाय, घरचा पत्ता, बस तिला कुठल्या थांब्यावर किती वाजता सोडते ते, सगळं माझ्या डेटाबेसच्या टेबलांमध्ये आहे. रकान्यांची नावं मी दिलीत. आणि लिहून काय देताय, तर आम्ही लहान मुलांची माहिती घेत नाही? ही चूक नाही, ही पालकांना लेखी दिलेली थाप आहे.

तो १३चा आकडा तरी आपला आहे का? तो अमेरिकेच्या मुलांच्या कायद्यातला. आपल्या २०२३च्या डीपीडीपी, म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल ते मूलच. त्याचा डेटा घ्यायचा तर आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती पाहिजे. मुलांवर पाळत नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं नाही. मुलांच्या बाबतीतली ही कलमं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. शाळेला फोनवर हे सांगितलं तर पलीकडून काय? "मॅडम, तुम्ही टेक्निकल माणूस, कायद्यात कशाला पडता?"

मी पडते कारण दुसरं कुणी पडत नाही! वकिलाला विचारलं तर तो म्हणतो ॲपचं मला काही कळत नाही, स्टँडर्ड ड्राफ्ट पाठवतो. मॅनेजमेंट म्हणतं वकील बघतोय. मार्केटिंगवाला म्हणतो डेव्हलपर बघेल. आणि वर कंत्राटात कलम घातलंय की सगळी कायदेशीर जबाबदारी डेव्हलपरची राहील. त्या कायद्याच्या आठव्या कलमाची पहिली ओळ वाचलीय का कुणी? तुमचा आपापसातला करार काहीही असो, डेटा ज्याने ज्या कामासाठी घ्यायचं ठरवलं, जबाबदारी त्याची. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी तो हाताळला तरी त्याचीच. म्हणजे शाळेची. माझ्या गळ्यात घातलेलं ते कलम तुम्हाला वाचवणार नाही.

हे सगळं बोलून मी फोन ठेवणार, तेवढ्यात "आणि हो मॅडम, कॉन्टॅक्टची परमिशन राहिली की!"

कशाला हवी? पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनसाठी. पालकांच्या फोनमधले नंबर उचलायचे आणि गावभर मेसेज सोडायचे. मुलाची हजेरी बघायला ॲप उघडणाऱ्या आईच्या फोनमधली तिची बहीण, तिची डॉक्टर, तिच्या ऑफिसातली माणसं, सगळी यांच्या एक्सेलमध्ये. त्या माणसांना तर कुणी विचारलेलंही नाही. आणि वर म्हणे "अलाऊ दाबल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये असं करा."

नेमकं हेच उदाहरण कायद्यात छापलंय हो! कलम सहा. टेलिमेडिसिनचं ॲप उपचारासाठी माहिती मागतं आणि सोबत फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्टही मागतं, बाई दोन्हीला हो म्हणते. कायदा सांगतो की तिची संमती उपचाराला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाईल, कारण कॉन्टॅक्ट लिस्ट त्या कामाला लागतच नाही. यापेक्षा सोपं कसं सांगायचं? डॉक्टरच्या जागी मास्तर घाला, झालं.

"पण मॅडम, सगळेच घेतात." या वाक्याने माझ्या डोक्यात तिडीक जाते. कर्जाच्या ॲपवाल्यांनीही घेतलेच होते. हप्ता चुकला की मामाला फोन, ऑफिसात फोन, फोटो मॉर्फ करून नातेवाइकांच्या मोबाइलवर. जीव दिले माणसांनी. मग २०२२च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेला लिहावं लागलं की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाइल्स, कॉन्टॅक्ट, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी प्ले स्टोअरनेही कर्जाच्या ॲप्सना कॉन्टॅक्ट आणि फोटो बंद केले. एवढं सगळं घडून गेल्यावर शाळेने, शाळेने, तीच परमिशन मागावी!

मी नाही म्हटल्यावर लगेच धमकीवजा तक्रार. "तुमच्या कायद्यामुळे मग बसचं ट्रॅकिंगपण बंद करावं लागेल." वाचलेलं काही नाही, फक्त माझ्यावर ढकलायचं. त्याच कायद्याच्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात शाळांना सूट दिलीय: शिक्षणापुरतं आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरतं. शाळेने नेमलेल्या वाहतूकवाल्यालाही दिलीय, जाता-येताना मूल कुठे आहे ते कळण्यापुरती. म्हणजे लिहिणाऱ्यांनी बसमधल्या मुलाचा विचार केलाय. अडतंय ते फक्त ॲडमिशनच्या धंद्याचं, आणि ते अडायलाच पाहिजे.

भाषेवरून तर काल माझा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतून सासूबाई बघायला आल्या. संमतीची सूचना पालकांना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे, असं कायद्यातच आहे. मी मराठी स्क्रीन करून ठेवली होती. फुकट. एक पैसा जास्त मागितला नव्हता. साध्या ओळी: तुमच्या मुलाचा फोटो ओळखपत्रासाठी घेत आहोत, बसचं लोकेशन फक्त शाळेच्या वेळेत दिसेल, नको असेल तर इथे बंद करा. उत्तर आलं, "मराठी काढा मॅडम, स्कूलचं स्टँडर्ड खाली जातं."

तुमच्याच गावातले पालक, तुमच्याच गेटवर उभं राहून मराठीत फी कमी करा म्हणणारे, आणि त्यांच्या मुलाच्या रक्तगटाचं तुम्ही काय करणार हे त्यांना मराठीत सांगितलं की तुमचं स्टँडर्ड खाली जातं? फी थकल्याची नोटीस बरी मराठीत काढता येते! तिथे पालकाला नीट समजायला हवं असतं. संमती देताना समजलं नाही तरी चालतं, किंबहुना समजू नये म्हणूनच ते चौदा पानी इंग्रजी, राखाडी अक्षरात, खाली आधीच टिक केलेला चौकोन. हे मला सहन होत नाही. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. माणसाने स्वतः, कळून, हो म्हणायला पाहिजे, आणि जितक्या सहज हो म्हटलं तितक्याच सहज नाही म्हणता आलं पाहिजे.

यावरून आठवलं, आणि आता आठवलंच आहे तर बोलते. अकाउंट डिलीट करायचं बटण. ॲपलने ३० जून २०२२पासून सक्तीचं केलं, प्ले स्टोअरनेही नंतर केलं, ॲपमधूनही आणि वेबवरूनही. तरी प्रत्येक क्लायंट म्हणतो "जरा आत टाका." सेटिंगच्या आत, प्रोफाइलच्या आत, हेल्पच्या आत, आणि दाबलं की "आम्हाला सोडून जाणार?" असं रडकं चित्र. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने अशा १३ प्रकारच्या फसवणुकींची यादीच जाहीर केली, त्यात माणसाला लाज वाटायला लावून थांबवणंही आहे. मागच्या क्लायंटच्या डिझायनरला ही यादी पाठवली तर त्याने ती आयडिया म्हणून वापरली. खरंच वापरली! "यातलं हे आपण केलं नाहीये अजून" असा मेसेज केला त्याने.

आणि ते ओटीपीचे टेम्प्लेट! डीएलटीवर, म्हणजे कंपन्यांचे मेसेज आधी नोंदवायच्या यंत्रणेवर, नोंदवलेल्या मजकुरात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की मेसेज जात नाही, आणि क्लायंट रात्री मला फोन करतो की तुमचं लॉगिन बिघडलं. स्पॅमवाल्यांचे मेसेज मात्र माझ्या आईच्या फोनवर रोज न चुकता येतात. तिथे कुठला स्वल्पविराम आड येत नाही.

आधारच्या झेरॉक्सचं तर बोलायलाच नको. कशालाही आधार. स्नेहसंमेलनाच्या पाससाठी आधार! पूर्ण १२ आकडे दिसणारा फोटो मागायचा, सर्व्हरवर उघड्या फोल्डरमध्ये टाकायचा, लिंक ज्याला सापडेल त्याने बघावा. मास्क केलेलं, पहिले आकडे झाकलेलं आधार घ्या म्हणून किती वेळा सांगायचं? सायबर हल्ला झाला तर सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, सहा तासांत कळवायचं, हा नियम २०२२पासून आहे. सर्व्हरवर काय काय झालं त्याच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस ठेवायचे, हेही त्याच आदेशात. शाळेत हे कोण करणार, विचारलं. "क्लार्क आहे ना." तो क्लार्क साडेपाचला घरी जातो, आणि सर्व्हरचा पासवर्ड नोटीस बोर्डाच्या मागे चिकटवलाय. पासवर्ड म्हणजे शाळेचं नाव आणि स्थापनेचं साल.

मग शेवटचं ठरलेलं अस्त्र, "अजून लागू कुठे झालाय तो डीपीडीपी कायदा?" याबाबतीत सरकारवरही माझा राग आहे आणि तो रास्त आहे. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं २४ ऑगस्ट २०१७ला सांगितलं. डेटा संरक्षणावरचा श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ला आला, विधेयक २०१९ला आलं, २०२२ला मागे घेतलं, २०२३ला नवा कायदा केला, त्याचे नियम निघायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला, आणि बहुतेक बंधनं त्याच्याही पुढे १८ महिन्यांनी. सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय मात्र कायद्यातच करून ठेवली. एवढी वर्षं वाट बघायला लावली की लोकांना वाटायला लागलं, हे काही खरं नाही. पण १८ महिने दिलेत ते तयारीला दिलेत! तोवर लुटून घ्या म्हणून नाही दिलेले. आणि आजही संवेदनशील डेटासाठी २०११चे नियम आहेत, स्टोअरच्या अटी आहेत. पालक आज ॲप डाउनलोड करणार आहेत, मुलं आज बसमध्ये बसणार आहेत.

त्यात हे नवे सल्लागार. आठवडाभरात "डीपीडीपी रेडी" करून देतो म्हणणारे. एक पीडीएफ, एक कुकी बॅनर, एक सर्टिफिकेट. डेटाबेस उघडून बघतसुद्धा नाहीत. कुठला रकाना कशाला घेतलाय हे विचारत नाहीत. अहो, कंप्लायन्स, म्हणजे कायदा पाळणं, तिथे असतं, त्या रकान्यात! जो डेटा घेतलाच नाही तो चोरीला जात नाही, त्याची संमती लागत नाही, तो पुसावा लागत नाही. वडिलांचा व्यवसाय कशाला हवा हजेरीच्या ॲपला? हे विचारलं की मी आडमुठी ठरते.

पण माझा खरा राग आपल्याच डेव्हलपर लोकांवर आहे. कालच्या फोनमध्ये "आधीच्या ॲपवाल्याने दिलं होतं की कॉन्टॅक्ट" हे वाक्य कितीदा ऐकलं. दिलं होतं त्याने. मागितलं की देणारे, निम्म्या पैशात देणारे, पॉलिसीच्या लिंकवर गूगल डॉक चिकटवून मोकळे होणारे आपल्यातलेच आहेत, आणि म्हणून नाही म्हणणारी मी एकटीच भांडखोर दिसते. मी विचारलं, ते जुने कॉन्टॅक्ट आता कुठे आहेत? मुलांचे फोटो? पत्ते? ते ॲप बंद पडून दोन वर्षं झाली, काम संपलं की डेटा पुसायचा असतो, पुसला का? ट्रस्टींना माहीत नाही. क्लार्कला माहीत नाही. सर्व्हर त्या डेव्हलपरच्या स्वतःच्या अकाउंटवर होता, आणि तो आता शाळेचा फोन उचलत नाही.